ऐंशी हजारांचा फोन घ्यावा का? पहिल्यांदाच महाग फोन घेणाऱ्या इंदूरकरांसाठी

गणपती संपले की विचारणा सुरू होते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठूनही फोन येतो: "मुलगी आयफोन म्हणतेय, घेऊ का?" नाहीतर मुलगाच विचारतो, "काका, पहिला पगार झालाय, अल्ट्रा घेतला तर चूक होईल का?" होय किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, पण ठरवण्याची रीत सांगता येते. ती इथे क्रमाने मांडतो. हाताशी कागद-पेन असू द्या, थोडा हिशेब करायचा आहे.

आधी किमतींचा अंदाज घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा भारतात १,२९,९९९ रुपयांपासून सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोन १७ आला तो ८२,९०० रुपयांना. मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आयफोनच्या त्या ८२,९०० पैकी सुमारे १२,६०० रुपये कराचेच. तुमचा स्वतःचा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि फोन त्यासाठीच घेत असाल, तर जीएसटी नंबर टाकून बिल घ्या आणि आपल्या सीएला विचारून क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं का ते पाहा. नोकरदाराला तो मार्ग नाही.

पायरी १: जुन्या फोनच्या तक्रारी लिहून काढा

कागदावर लिहा की सध्याच्या फोनचा त्रास नेमका काय आहे. "जुना झालाय" हे कारण धरू नका. दुपारी तीनला बॅटरी संपते, जागा भरली म्हणून फोटो निघत नाहीत, बँकेचं ॲप उघडायला वेळ लागतो, रात्रीचे फोटो काळे येतात, असं स्पष्ट लिहा.

यातल्या पहिल्या दोन तक्रारींसाठी नवा फोन लागतच नाही. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० चार्जिंग सायकलनंतर, तर १५ पासून पुढच्या मॉडेलांची १,००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. तीन वर्षं वापरलेला फोन दुपारी मान टाकत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घ्या. बऱ्याच फोनना त्यानंतर आणखी दोन वर्षं काढता येतात. जागा भरली असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून पाहा. गुड मॉर्निंगची चित्रं आणि लग्नाचे व्हिडिओ किती जीबी खाऊन बसलेत ते तिथे दिसतं.

हे केल्यावरही यादीत काही उरलं तरच पुढे वाचा. कॅमेरा उरला असेल तर हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

पायरी २: किंमत वर्षांनी भागा

माझा सगळा सल्ला या एका हिशेबावर उभा आहे. फोन केवढ्याचा आहे याच्याइतकंच तुम्ही तो किती वर्षं वापरणार हे महत्त्वाचं, आणि ते तुमच्या आजवरच्या सवयीवरून ठरवा, मनातल्या इच्छेवरून नव्हे. मागचे दोन फोन किती वर्षं टिकवले होते ते आठवा.

समजा ८०,००० चा फोन घेतला, सहा वर्षं वापरला, मध्ये एकदा बॅटरी बदलली आणि तिचे ६,००० धरले. एकूण ८६,०००, म्हणजे वर्षाला साधारण १४,३००. दुसरीकडे २५,००० चा बरा फोन तीन वर्षं वापरला तर वर्षाला ८,३००. फरक वर्षाला ६,०००, महिन्याला ५०० रुपये. आता प्रश्न सोपा झाला: उत्तम कॅमेरा, चांगला स्क्रीन आणि सहा वर्षं न अडखळणारा फोन यासाठी तुम्ही महिन्याला ५०० रुपये आनंदाने द्याल का? कित्येक जण देतील, आणि त्यात गैर काही नाही.

पण तोच ८०,००० चा फोन दोन वर्षांत ४०,००० ला विकून नवा घेतलात, तर वर्षाला २०,००० गेले. २५,००० च्या फोनशी तुलना केली तर महिन्याला जवळपास एक हजार जास्त. महागडा फोन महाग पडतो तो इथे, वारंवार बदलण्यात. दर दोन वर्षांनी बदलायची सवय असेल तर प्रीमियम फोनच्या वाटेला जाऊ नका. टिकवून वापरणाऱ्यालाच तो परवडतो.

या हिशेबात एक अट दडलेली आहे. सहा वर्षं वापरायचा म्हणजे कंपनीने तितकी वर्षं अपडेट द्यायला हवेत. सुरक्षा अपडेट थांबलेल्या फोनवर यूपीआय आणि बँकेची ॲप ठेवणं मला योग्य वाटत नाही. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून सात वर्षांची हमी दिली, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेपासून तीच दिली. आयफोनना बरीच वर्षं अपडेट मिळतात हा तर आजवरचा अनुभवच आहे. स्वस्त फोनमध्ये हा आकडा बऱ्याचदा दोन-तीन वर्षांवरच थांबतो, आणि खोक्यावर तो छापलेला नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या नावाने शोधा.

आणखी एक: ही वर्षं फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजली जातात. जानेवारी २०२४ चा एस२४ तुम्ही दोन वर्षांनी घेतलात तर तुमच्या वाट्याला सातपैकी पाचच येतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

पायरी ३: जास्तीच्या पैशात काय मिळतं ते समजून घ्या

आधी जे मिळत नाही ते सांगतो. यूपीआय दोन्ही फोनवर सारखंच चालतं. ५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि आज पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्येही ते मिळतं. इंदूरच्या टॉवरवर महागड्या फोनला वेगळी वाट नसते. व्हॉट्सॲप, यूट्यूब, पुण्यातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल, क्लासचे रेकॉर्ड केलेले लेक्चर, यांपैकी कशासाठीही २५,००० च्या वर जायची गरज नाही. भंवरकुआँला क्लासेससाठी राहणाऱ्या मुलाला ऐंशी हजार द्यायचेच असतील तर २५,००० चा फोन आणि उरलेल्या पैशांत लॅपटॉप द्या. अभ्यासाला आणि पुढे नोकरीला लॅपटॉपच जास्त उपयोगी पडेल.

आता जे मिळतं ते. सगळ्यात मोठा फरक कॅमेऱ्यात आहे, आणि तो मेगापिक्सेलच्या आकड्यात दिसत नाही. स्वस्त फोनवर "५० मेगापिक्सेल, तीन कॅमेरे" लिहिलेलं असतं. त्यातला एक कामाचा, दुसरा बेताचा आणि तिसरा २ मेगापिक्सेलचा, फक्त संख्या भरायला असतो. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा नेहमीच्या फोटोत सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. खरी किंमत असते सेन्सरच्या आकाराची, हात हलला तरी लेन्स सावरणाऱ्या स्थिरीकरणाची आणि दूरचं जवळ आणणाऱ्या खऱ्या टेलिफोटो लेन्सची.

कसोटी पाहायची तर अनंत चतुर्दशीची रात्र आठवा. कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, आजूबाजूला अंधार, झांकीवर झगझगीत दिवे, चित्रं फिरती आणि गर्दीत आपला हातही हलतोय. फोनच्या कॅमेऱ्याला याहून अवघड परीक्षा नाही. साधा फोन एकतर दिवे पांढरे करून टाकतो किंवा माणसांचे चेहरे काळे. चांगला फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते जुळवतो आणि दोन्ही सांभाळतो. तसंच शाळेच्या स्नेहसंमेलनाचं: तुम्ही दहाव्या रांगेत, मुलगी स्टेजवर. तिथे डिजिटल झूम म्हणजे नुसता फोटो कापून मोठा करणं, चेहरा पुसट होतो. तीन किंवा पाच पट ऑप्टिकल झूम असलेल्या फोनमध्ये तिच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात. असे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात कॅमेऱ्यासाठी खर्च केलेला पैसा मला वाया गेलेला वाटत नाही. उलट तुमचे फोटो दिवसाउजेडी, बागेत आणि जेवणाच्या ताटाचेच असतील तर तीस हजारांच्या फोनमध्ये आणि लाखाच्या फोनमध्ये फरक शोधावा लागेल.

ज्यांचं पोट व्हिडिओवर आहे, म्हणजे केटरिंगची रील करणारे, मेंदी किंवा साड्यांचा घरगुती व्यवसाय चालवणाऱ्या ताई, लग्नाचे फोटोग्राफर, त्यांच्यासाठी महागडा फोन हे कामाचं साधन आहे. त्यांनी घ्यावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ठरावीक खोलीच्या पाण्यात ठरावीक वेळ फोन तग धरतो. सॅमसंग दीड मीटर आणि तीस मिनिटं सांगते, ॲपल अलीकडच्या फोनना सहा मीटर आणि तीस मिनिटं. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, साध्या स्थिर पाण्यात होते. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा मिसाइलीतून, म्हणजे रंग उडवणाऱ्या यंत्रातून, येणारा रंग आणि टँकरच्या पाण्याचा मारा त्या चाचणीत नसतो. शिवाय पाणी अडवणारी सीलं वर्षांगणिक सैल होतात, एकदा स्क्रीन बदलला तर जास्तच. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याने झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. आयपी६८ ही अपघातापुरती ढाल समजा. गेरला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पाउचमध्येच ठेवा, मग तो कितीही महाग असो.

तिसरी गोष्ट चिप आणि स्टोरेज. नवा असताना स्वस्त आणि महाग दोन्ही फोन चपळ वाटतात, फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी जाणवतो. अगदी स्वस्त फोनमधलं ईएमएमसी स्टोरेज हळू असतं, यूएफएस वेगवान. "८ जीबी अधिक ८ जीबी व्हर्च्युअल रॅम" अशा जाहिरातीतल्या दुसऱ्या आठाकडे लक्ष देऊ नका. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे. बहुतेक महाग फोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांच्या हिशेबाने २५६ जीबीच घ्या.

उन्हाळ्याबद्दल थोडं. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या डिक्कीत ठेवलेला किंवा हँडलला लावून मॅप दाखवणारा फोन तापला की स्क्रीन मंद होतो, चार्जिंग थांबतं. हे महागड्या फोनलाही चुकत नाही. हँडलचा मुद्दा आणखी गंभीर आहे: मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं. ज्या कॅमेऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तोच गाडीवर रोज हादरे खातो. डिलिव्हरीचं किंवा फिरतीचं काम असेल तर हँडलसाठी एक जुना फोन ठेवा.

पायरी ४: मधला रस्ता तपासा

बहुतेक घरांना मी हाच सुचवतो. नवं मॉडेल आलं की कंपनी मागच्या वर्षीच्या मॉडेलची किंमत उतरवते. ७९,९०० ला आलेला आयफोन १६, १७ आल्यावर अधिकृतपणे ६९,९०० झाला, आणि सणाच्या सेलमध्ये असे फोन त्याहूनही खाली येतात. एका वर्षात कॅमेऱ्यात किंवा वेगात पडलेला फरक साध्या वापरात कळत नाही.

दुसरा पर्याय त्याच कंपन्यांच्या पन्नास हजारांच्या आसपासच्या फोनचा. पिक्सेल ९ए २०२५ मध्ये ४९,९९९ ला आला, आणि त्यालाही सात वर्षांच्या अपडेटची हमी आहे. मघाचा हिशेब इथे लावा: ५०,००० अधिक बॅटरीचे ४,०००, पाच वर्षं वापर, म्हणजे वर्षाला १०,८००. टेलिफोटो लेन्स मिळत नाही, बाकी बहुतेक सगळं मिळतं.

अमेरिकेतून कोणी येणार असेल आणि "तिकडून आयफोन आणू का?" असं विचारत असेल, तर तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ पासून सिमकार्डाची खाच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, चालतं, हे आधी सांगून ठेवा. वॉरंटी इथे कशी लागू होईल तेही आणण्यापूर्वी विचारून घ्या.

पायरी ५: दुकानात हातात घेऊन पाहा

जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केट, डॉलर मार्केटच्या बाजूला गेलात तर भाव करणारे भेटतील. मॉलमधल्या किंवा कंपनीच्या शोरूममध्ये डेमो फोन निवांत हाताळता येतो. आधी शोरूममध्ये पाहा, मग भाव फिरून विचारा.

पाहायचं काय? व्हिडिओ सुरू करून चालत चालत एका लेन्सवरून दुसऱ्यावर जा, चित्र दचकतं का, रंग बदलतो का ते बघा. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोबत आलेल्याचा फोटो काढा आणि मोठा करून डोळे पाहा. फोन एका हातात दहा मिनिटं धरा. अल्ट्रा, प्रो मॅक्स हे दोनशे ग्रॅमच्या वर असतात आणि आईच्या किंवा मावशीच्या मनगटाला ते लवकर जाणवतं. दुकानाबाहेर उन्हात नेऊ दिला तर स्क्रीन वाचता येतो का पाहा.

त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचा स्क्रीन बदलायला किती लागतात ते विचारा. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. महाग फोनचा मूळ स्क्रीन बदलायचा खर्च एका चांगल्या मध्यम फोनएवढा असू शकतो. तो आकडा ऐकून पोटात गोळा आला, तर हा फोन आपल्या ऐपतीच्या पुढचा आहे असं समजा. भारत सरकारच्या राइट टू रिपेअर पोर्टलवरही दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

"भिया, बिना बिल के दो हजार कम कर दूँगा" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे निघा. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडता येत नाही, आणि फोन चोरीला गेला तर तो आपला होता हे दाखवणंही अवघड होतं.

पायरी ६: हप्त्यांचा खरा हिशेब

"नो कॉस्ट ईएमआय" या शब्दांवर भाळू नका. बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी वजा करून देते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ग्राहकाच्या अंगावर काय पडतं ते पाहा. ८०,००० चे बारा हप्ते, कार्डाचा व्याजदर १६ टक्के धरला, तर व्याज सुमारे ६,५०० होतं. तेवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,१७०, तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. एकूण चौदाशे-पंधराशे. फार मोठी रक्कम नाही, पण "नो कॉस्ट" नक्कीच नाही. त्याच कार्डावर एकरकमी भरले तर वेगळी सूट मिळते का हेही विचारा. काही वेळा तिथेच चार-पाच हजार वाचतात.

फायनान्सच्या काउंटरवर सही करताना कागद वाचा. फोनचा विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, मेंबरशिप असं काही न विचारता जोडलेलं नाही ना? नको असेल तर काढायला लावा. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो. दोन वर्षांनी घरासाठी कर्ज काढायचं असेल तर फोनच्या एका चुकलेल्या हप्त्याने अडून बसू नये. माझं मत सांगतो: बारा महिन्यांत फिटत नसेल तर तो फोन घेऊ नये. ज्याच्या हप्त्याची मुदत वॉरंटीपेक्षा लांब आहे, त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि हप्ता एकाच महिन्यात येऊ शकतो.

पायरी ७: वापरलेला घेत असाल तर

*#०६# डायल करा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते उत्तरात कळतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता आणि बदललेल्या भागांची नोंद पाहा, आणि आधीच्या मालकाने आपल्यासमोर ॲपल आयडी काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ८: पहिला आठवडा

बिलावर आयएमईआय लिहिलेला आहे याची खात्री करून त्याचा फोटो स्वतःला ईमेल करा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर व्हॉट्सॲपच्या गप्पा नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच हलवा. नंतर करायला गेलात तर फोन पुन्हा कोरा करायची पाळी येऊ शकते. यूपीआय नव्या फोनवर नव्याने नोंदवावं लागतं, त्यासाठी बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं, आणि सुरुवातीला पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते. घरभाडं किंवा फी भरायच्या दिवशीच फोन बदलू नका.

या आठवड्यात सगळे कॅमेरे, दोन्ही स्पीकर, चार्जिंग, फिंगरप्रिंट किंवा चेहऱ्याचं लॉक, दोन्ही सिम वापरून पाहा. पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर स्क्रीनवर रेघ किंवा ठिपका नाही ना ते बघा. बदलून द्यायची मुदत दुकानात काही दिवसांचीच असते, ती बिलाच्या मागे छापलेली असते. दुकानदार टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

जुना फोन लगेच विकू नका. नव्यावर सगळं आलंय हे दोन-तीन आठवडे वापरून पाहा, बँकेची ॲप जुन्यातून काढा, खाती साइन आउट करा, मग फॅक्टरी रिसेट. विकून फार काही मिळत नसेल तर बॅटरी बदलून तो घरात आजी-आजोबांना द्या, किंवा गाडीच्या हँडलसाठी ठेवा.